उकडीचा पखवाज

बाबा अंगणात लाकडं फोडत होते. दगडी गडग्याच्या, कुंपणाच्या पलीकडून येणारे पुंडलिक घोगळे बुवा त्यांना दिसले मात्र, त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतवून ठेवली, पंच्याने घाम टिपला आणि डावा खांदा दाबत दाबत पडवीत येऊन बसले. मी तिथेच अभ्यास करत होते. हातातलं पुस्तक मी जरा वर धरलं, कारण मला हसू येत होतं.

"अंकुश, खांदो कसो आसा तुझो?" बुवांनी पायरीवर चपला काढतानाच विचारलं.

"दुखता ओ अजून," बाबा म्हणाले. "हात वर जायना."

बुवा बसले. आईने पाणी आणून दिलं. बुवांची नजर सारखी वर जात होती. पडवीच्या तुळईला बाबांचा पखवाज जुन्या चादरीत गुंडाळून टांगला होता. दिवाळीपासून तो खाली उतरला नव्हता.

आमचं गाव कुडाळपासून आत, ओहोळाच्या काठाला. बाबा दिवसा काजूच्या कारखान्यात कामाला जायचे आणि संध्याकाळी घोगळे बुवांच्या भजनात पखवाज वाजवायचे. आमच्याकडे डबलबारीचं मोठं वेड. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एका बुवाने म्हटलं की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, मधे मधे एकमेकांना चिमटे काढायचे, टोमणे मारायचे. लोक टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतात. बुवा पुढे बसतो, नाव बुवाचं होतं. पण जाणती माणसं म्हणायची, बारी पखवाजावर उभी असते. आणि अंकुश धुरीचा पखवाज ऐकायला लोक मालवणहून यायचे.

"देवळाच्या वर्धापनदिनाची बारी ठरली," बुवा म्हणाले. "दिगंबर आचरेकर बुवा येतत समोर. तेंच्याबरोबर लवू गुरव. आमचो तो नवीन पोरगो मुंबयक नोकरीक गेलो. आता तू नाय वाजवलंस तर मी कोणाक बसवू?"

"माका जमाचा नाय, बुवा."

"एक दिवस. एकच बारी."

"खांदो..." बाबा म्हणाले आणि थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते खाली बघत राहिले.

बुवांनी आणखी आग्रह केला नाही. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "चेडू मात्र बरा दिसता हां आता. गालार जरा मांस इलाला."

ते खरं होतं. त्याआधीची दोन-तीन वर्षं मी नुसती काडी होते. पोट मात्र फुगलेलं. शाळेत प्रार्थनेला उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. काही खाल्लं की पोटात कळा, आणि मग परसाकडे धावणं. माझ्यापेक्षा लहान मुली माझ्यापेक्षा उंच झाल्या. जंताची औषधं झाली, काविळीची झाली, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. आई बिचारी म्हणायची, भातात काय ताकद असते, चेडवाला चपाती घाला. आम्ही भात खाणारी माणसं. पण माझ्यासाठी म्हणून रोज चपात्या व्हायला लागल्या. सकाळी चहात बुडवायला बेकरीतले मैद्याचे बटर, दुपारी चपाती, आजारी आहे म्हणून संध्याकाळी तूप घालून शिरा. जितकं प्रेमाने भरवलं तितकी मी खंगत गेले.

शेवटी बाबा मला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे केरकर बाई म्हणून डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं बघितलं, आणि कागदावर चित्र काढून समजावलं. आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गव्हात एक चिकट भाग असतो, ग्लुटेन. तो हिच्या आतड्याला सोसत नाही, आतलं अस्तर झिजून जातं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

"औषध?" बाबांनी विचारलं.

"औषध नाही. गहू बंद. जन्मभर. कणभरसुद्धा चालणार नाही."

आईला वाटलं, एवढंच ना? गहू तर आपल्याकडे पाहुण्यासारखा. चपाती बंद केली की झालं. पण घरी आल्यावर कळलं की हा पाहुणा प्रत्येक डब्यात लपून बसलाय. केरकर बाईंनी सांगितलं होतं तसं बाबांनी हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरातलं वाचलं. हिंगात मैदा. बाजारच्या मसाल्यात कशाकशाचं पीठ. बांगडे तळताना आई रव्यात घोळवायची, तो रवा गव्हाचा. गिरणीत तांदूळ दळून आणावेत, तर आधीच्या माणसाचे गहू त्याच जात्यातून गेलेले. आईने माळ्यावरचं जुनं घरगुती जातं खाली काढलं. पोळपाट, लाटणं, चाळणी शेजारी देऊन टाकली. शाळेत पाकिटं जिभेने ओली करून चिकटवायची नाहीत, कुणाच्या हातचा लाडू घ्यायचा नाही, ओठांना लावायचं मलमसुद्धा विचारल्याशिवाय लावायचं नाही. बांगडा तांदळाच्या पिठात घोळवून तळला तर अधिक कुरकुरीत लागतो, हा शोध आम्हाला तेव्हा लागला.

मी सुधारले. पण अर्धीच. पोट पुन्हा बिघडायचं, का ते कळायचं नाही. दिवाळीच्या आधी आम्ही परत गोव्याला गेलो. केरकर बाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "कुठून तरी गहू अजून पोटात जातोय." मला आणि आईला त्यांनी वजन करायला दुसऱ्या खोलीत पाठवलं. बाबा त्यांच्यासमोर बसून राहिले. परतीच्या एसटीत बाबा सारखे खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, आपलं काही तरी वाईट निघालं.

त्यानंतरच बाबांचा खांदा दुखायला लागला. पखवाज वर टांगला गेला. आणि हळूहळू मी खऱ्या अर्थाने बरी झाले. केस गळायचे थांबले, शाळेचा फ्रॉक आखूड झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. मी आपली देवाचे आभार मानत होते.

बुवा गेले त्या दुपारी मी चुलीपाशी आईला गाठलं.

"आये, बाबांचो खांदो दुखत नाय. लाकडां फोडीत होते. मी बघलंय."

आई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही.

"मगे वाजवीत कित्याक नाय? बुवांवांगडा भांडाण झाला काय?"

"नाय गो."

"मगे?"

तिने सूप खाली ठेवलं. पडवीकडे बघून घेतलं. बाबा परत अंगणात गेले होते, कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

"पखवाजाक काय लावतत डाव्या बाजूक?" तिने विचारलं.

माझी नजर पडवीच्या तुळईकडे गेली.

पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुमेच्या पुडीवर, म्हणजे तिथल्या ताणलेल्या चामड्यावर, ओली कणीक थापतात. त्याशिवाय त्या बाजूचा तो घुमारा, तो पोटातून आल्यासारखा आवाज निघतच नाही. गव्हाची कणीक. बाबा रोज संध्याकाळी ती स्वतः मळायचे, पडवीत. वाजवून झालं की वाळलेली कणीक नखांनी खरवडून काढायचे. मग घाईघाईत हात धुऊन जेवायला बसायचे, आणि माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायचे. मी अशक्त, काटा घशात अडकेल म्हणून. भात कालवून द्यायचे. त्यांच्या नखांच्या कडेला पांढरं काही तरी नेहमीच असायचं. ते मला माझ्या बाबांच्या हाताचाच भाग वाटायचं.

"डॉक्टरणीन ईचारल्यान, घरात काय काय करतात, सगळा सांगा," आई म्हणाली. "तेंनी सांगल्यानी. घराक येवन माका म्हणाले, सुनंदा, मीच चेडवाक ईख घालीत होतंय."

आईने पदर डोळ्यांना लावला.

"हात नीट धुवन वाजवा, असा मी म्हटलंय. डॉक्टरीण पण तसाच म्हणाली होती. पण तेंका भरवसो येयना. म्हणाले, एक दिवस ईसारलंय तर? कपड्याक लागला तर? त्यापरीस नकोच. आणि माका शपथ घातल्यानी, दर्शनाक सांगू नुको. तेका वायट वाटात."

मी चौदा वर्षांची होते. रडायचं की बाहेर जाऊन बाबांना मिठी मारायची, काही सुचेना. मी पडवीत गेले, स्टुलावर चढले आणि पखवाज खाली उतरवला. चादर सोडली. उजव्या बाजूची काळी शाई तशीच होती. डावी बाजू मात्र कोरी होती, धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारखी. त्यांनी पुडीच नवी बसवून घेतली होती, आणि तिला एकदाही हात लावला नव्हता.

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. बाबा दारात उभे होते. माझ्या मांडीवर पखवाज, मागे आईचे लाल डोळे. त्यांना कळलं.

"तेका हात लावू नुको," ते म्हणाले.

"नवी पुडी आसा, बाबा. हेका कणीक लागलीच नाय."

"तरीपण नुको."

"गव्हाचीच कित्याक होयी?" मी विचारलं. "तांदळाची नाय चालाची?"

बाबा हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "तांदळाचा पीठ चिकटता काय गो? चिकटता ता गंव्हाचाच. तुका बाधता ताच तेका होया."

पण आई मागून म्हणाली, "उकड चिकटता."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"मोदकाची उकड. तांदळाचीच ना ती? कच्चा पीठ फुटता, पण उकड काढलेली कशीय वळवा. पारी करतंय ती फाटता काय कधी?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं, ते बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर हसून लोळला असता. आई चुलीवर उकड काढायची, मळायची, बाबांच्या पुढ्यात गोळा ठेवायची. बाबा "ह्यो काय खेळ" म्हणत पाण्याच्या हाताने तो थापायचे. पहिली उकड चिकटली, पण चार थापांत वाळून तिला भेगा पडल्या. आईने तेल घातलं, तर ती घसरली. नाचणीचं पीठ घालून बघितलं, आवाज बसका. मग आईला आठवलं की साबुदाण्याची खीर भांड्याला चिकटली की निघता निघत नाही. तिने साबुदाणा शिजवून घोटला, त्याची चिकट खळ उकडीत घालून मळली, आणि खोबरेल तेलाचं नुसतं बोट फिरवलं.

बाबांनी गोळा थापला. कडा अंगठ्याने दाबल्या. मग डावा हात उचलून सोडला.

पडवीत आवाज घुमला. पूर्वीसारखा नव्हता, थोडा जड होता, ओला होता. पण घुमला. बाबांनी परत थाप मारली. मग उजवा हात आला. मग दोन्ही हात आले. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाबा वाजवत राहिले, आणि त्यांचा तो दुखरा खांदा असा काही हलत होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

बारीच्या दिवशी दुपारीच देवळापुढचा मंडप भरला. आम्ही बायकांच्या बाजूला पुढे बसलो. आईने उकडीचे गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात आणले होते. ते वाळतात हे तिला माहीत होतं.

आचरेकर बुवा मोठे रुबाबदार, आवाज खणखणीत, जीभ त्याहून धारदार. त्यांच्या बाजूला पखवाजावर लवू गुरव. वय झालेलं, अंगाने रोड, दंडाच्या शिरा दोरीसारख्या. बाबांपेक्षा मोठा वादक, हे बाबाच सांगायचे.

पहिला अर्धा भाग बरा गेला. घोगळे बुवांचा आवाज लागला होता, बाबांचा हात मोकळा झाला होता. पण दुपारचा वारा कोरडा होता. गजर चढत्या लयीला आला, लोक टाळ्या धरायला लागले, आणि बाबांच्या पखवाजाची डावी बाजू एकाएकी फटफट वाजायला लागली. उकडीला भेग गेली होती. पुढच्या थापेला तिचा अर्धा तुकडा उडून सतरंजीवर पडला.

घोगळे बुवांनी कसाबसा गजर आवरता घेतला. मंडपात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून ओरडला, "धुरी, घरात पीठ नाय काय रे?" लोक हसले.

समोरून लवू गुरवांनी हात पुढे केला. त्यांच्या तळव्यावर कणकेचा गोळा होता, पांढरा, मऊ, ताजा. "घे रे अंकुश. माझी कणीक घे."

स्पर्धेत समोरच्याने असं देणं ही मोठी गोष्ट. बाबा उठले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "लवूदादा, तुमचे उपकार. पण माका ती चालाची नाय."

लवू गुरवांचा चेहरा उतरला. "कित्याक? माझ्या हातची नुको?"

"तसा नाय." बाबांनी माझ्याकडे बघितलं. माईक समोरच होता, त्यातून सगळं सगळ्यांना ऐकू जात होतं. "माझ्या चेडवाक गहू बाधता. पोटात कण गेलो तरी आजारी पडता. मी कणीक लावीत होतंय आणि त्याच हातान तेका जेवूक घालीत होतंय. म्हणान दिवाळीपासना वाजवना बंद केलंय. ही तांदळाची उकड आसा. माझ्या बायलेन केल्यान. फुटता ती, पण माका हीच लावची आसा."

मंडपात कुणी हसलं नाही. माझ्या कानशिलांना चटके बसत होते. सगळा गाव माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि बघतच होता.

आता पाळी आचरेकर बुवांची होती. समोरचा असा उघडा पडला की टोमणा मारायचा, त्यासाठीच तर लोक येतात. बुवांनी पेटीवर बोटं ठेवली. माईक जवळ ओढला. बाबांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला इथून दिसत होती.

"मंडळी," आचरेकर बुवा म्हणाले, "मी हय टोमणे मारूक इललंय. पण आज माझ्याकडे टोमणो नाय." "वहिनी, तुमची उकड लावून होयसर मी म्हणतंय. घाय करू नुकात. नीट लावा. अंकुशाचो पखवाज ऐकल्याशिवाय मी घराक जावचंय नाय."

आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली. टोमणे सोडून, बारी सोडून. लवू गुरवांनी हलक्या हाताने साथ धरली, मुद्दाम हळू, वेळ काढत. आई डबा घेऊन उठली. मंडपातल्या बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. बाबांनी पुडी पाण्याने पुसली, नवा गोळा थापला. आई शेजारीच बसून राहिली, ओलं फडकं हातात घेऊन. भजनी मंडळाच्या बैठकीत एखादी बाई बसलेली त्या मंडपाने पहिल्यांदाच बघितली असेल. पुढच्या सगळ्या बारीभर, गजर संपला की ती उकडीवर पाण्याचा हात फिरवायची.

मग बाबांनी जे वाजवलं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. मला संगीतातलं फारसं कळतही नाही. शेवटी शेवटी दोन्ही बुवा एकत्र म्हणत होते आणि दोन्ही पखवाज एकमेकांना विचारत होते, उत्तर देत होते. एक गव्हाचा, एक तांदळाचा. बारी कोण जिंकलं यावर आमच्या गावात अजून वाद होतो.

आता मी माझ्या संसारात आहे, पुण्याला. माझ्याकडे येणारी माणसं बिस्किटांचा पुडा बाहेरच बॅगेत ठेवून आत येतात. लोक मला विचारतात, एवढं सांभाळायचं म्हणजे कंटाळा येत असेल. येतो कधी कधी. पण माझ्यासाठी कोणी कोणी काय काय सांभाळलं ते आठवलं की तो फार टिकत नाही. बाबा अजून वाजवतात, आणि उकड अजून आईच काढते.

त्या दिवशी बारी संपल्यावर देवळात प्रसाद वाटत होते. रव्याचा शिरा. पानावर शिरा घेऊन मुलं धावत होती आणि मी खांबापाशी उभी होते. प्रसाद नाकारायचा कसा, हा प्रश्न मला नेहमीच पडायचा. तेवढ्यात लवू गुरव माझ्याकडे आले. देवापुढचा फोडलेला नारळ त्यांच्या हातात होता.

"तूच ना गो अंकुशाचा चेडू? तुका शिरो चालाचो नाय. ह्या खोबरा खा, बाय."

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा काढायला वाटीत बोट घातलं, आणि मधेच थबकले. आपल्या हाताकडे बघितलं. डाव्या हाताची बोटं कणकेने पांढरी झाली होती. वाळून तिचे पापुद्रे निघत होते.

"थांब हां," ते म्हणाले. ती वाटी त्यांनी बाजूला ठेवली, पुजाऱ्याकडून दुसरा, अख्खा नारळ मागून घेतला, तो माझ्याजवळ दिला आणि देवळामागच्या नळावर गेले. तो म्हातारा माणूस, इतका मोठा वादक, लोक पाया पडायला मागे उभे, आणि तो नळाखाली वाकून हात धूत होता. कुणाकडून तरी साबण मागून घेतला. कोपरापर्यंत हात चोळले. मग एकेक नख काडीने कोरलं, परत साबण लावला, परत धुतलं. हात हवेत धरून, कशालाही न शिवता, तो माझ्यापर्यंत चालत आला.

दोन्ही हात उलटेपालटे करून त्यांनी माझ्यासमोर धरले.

"बघ," लवू गुरव म्हणाले. "झाले काय सोच्छ?"

मी मान हलवली. मग त्यांनी तो नारळ पायरीवर फोडला, आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.